बीड जिल्ह्यातील डावे राजकारण आणि सुधारणावादाच्या मर्यादा (१९५२ ते १९७७)

प्रस्तावना :
निवडणुकीच्या मार्गाने समाजवाद प्रस्थापित करता येईल काय, हा प्रश्न युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीव्र झाला. १८९९ मध्ये फ्रेंच समाजवादी मिलरां यांनी वाल्देक-रूसो यांच्या मंत्रिमंडळात प्रवेश केला. जोरेस यांनी त्याचे समर्थन केले, तर गेद यांनी विरोध केला. मालकी संबंधांना हात न लावता कायद्याद्वारे श्रमिकांची स्थिती सुधारणे म्हणजे सुधारणावाद होय. परळी वैजनाथ ज्या जिल्ह्यात आहे, त्या बीडने पहिल्या सहा लोकसभा निवडणुकांपैकी तीन वेळा डाव्या उमेदवारास निवडून दिले. या विजयांतून काय साध्य झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीडमधील डावे विजय :
१९४८ मध्ये निजामी राजवट संपुष्टात आली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळ कायदा झाला. परिणामी जमिनीचा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने १९५२ ची निवडणूक पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने लढविली गेली व बीडमधून रामचंद्र गोविंद परांजपे विजयी झाले. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे येथून निवडून आले. १९७१ मध्ये ही जागा काँग्रेसकडे गेली. आणीबाणीनंतर, १९७७ मध्ये, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे विजयी झाले.

मर्यादांचे स्वरूप :
पहिली मर्यादा घटनात्मक होती. जमीन हा राज्यसूचीतील विषय असल्याने बीडचा खासदार शेतमजुरांची बाजू दिल्लीत मांडू शकत होता. परंतु भूसुधारणा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे होता. दुसरी मर्यादा कायद्याच्या आशयाची होती. महाराष्ट्राच्या १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात १९७५ मध्ये दुरुस्ती होऊन मर्यादा कमी करण्यात आली, तरी कोरडवाहू जमिनीसाठी ती ५४ एकर राहिली. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात यामुळे मोठ्या खातेदारांच्या वर्चस्वाला फारसा धक्का बसणे शक्य नव्हते.

याउलट १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मागण्या आणि मोर्चे यांतून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. फ्रान्समध्येही १९३६ साली असेच घडले. लोकआघाडी निवडणूक जिंकली; पण चाळीस तासांचा आठवडा व पगारी रजा यांमागे कारखान्यांचा ताबा घेणाऱ्या संपकऱ्यांचा रेटा होता. पुढे भांडवल देशाबाहेर गेले, सिनेटने आर्थिक अधिकार नाकारले आणि जून १९३७ मध्ये ब्लुम यांना राजीनामा द्यावा लागला.

रोजगार हमीने मजुरांना आधार दिला, हे नाकारता येत नाही. तथापि तिने जमिनीची वा पाण्याची मालकी बदलली नाही. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जाणे बीडच्या हजारो कुटुंबांना अपरिहार्य राहिले. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला एकच ‘कोयता’ मानले जाते आणि कामगाराचा मालक कारखाना की मुकादम, हा प्रश्न संदिग्ध ठेवला जातो. मालकच निश्चित नसेल, तर कामगार कायद्याचे संरक्षण मागायचे कोणाकडे, ही त्यांची खरी अडचण आहे.

निष्कर्ष :
१) बीडमधील डावे विजय श्रमिकांच्या असंतोषाची अभिव्यक्ती होते, परंतु एका जागेने सत्तासंबंध बदलत नाहीत.
२) महत्त्वाच्या सुधारणांना मतपेटीइतकीच संघटित चळवळीची गरज भासली.
३) सुधारणा निरर्थक नसतात, मात्र उत्पादन साधनांची मालकी अबाधित राहिल्यास त्या दुःख हलके करतात, त्याचे कारण दूर करीत नाहीत.