लाल दिव्यांचा 'व'

स्नेहमेळाव्याच्या तयारीची तिसरी बैठक होती. आपला एक वर्गमित्र काखेत जुन्या गोधडीचे गाठोडे घेऊन आला. चहा येईपर्यंत त्याने ते टेबलावर उघडले नाही. मग गोधडीचे पदर एकेक करून बाजूला केले, तर आत बोटाएवढ्या जाडीच्या काचेच्या नळीचे एक अक्षर होते. 'व'. साधारण दीड फूट उंच, काच धुळीने मळलेली, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आणि मधल्या काही भागाला काळा रंग फासलेला.

आपल्यापैकी जे मेनरोडवरून चालत घरी जात, त्यांना वेगळे सांगायला नको. ही त्याच्या वडिलांच्या कापडदुकानाची पाटी. संध्याकाळी ती लागली की खालच्या फरसाणवाल्याच्या परातीही लाल दिसायच्या. १९९६ साली दुकानाचे नूतनीकरण झाले, तेव्हा पाटी उतरवताना बाकीची अक्षरे फुटली. हे एक काकूंनी गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. ते आता मेळाव्याच्या प्रदर्शनात मांडायचे ठरले आहे. त्यासोबत चार ओळींची माहिती लिहायचे काम माझ्याकडे आले. चार ओळींसाठी जे शोधावे लागले, ते या लेखात मांडतो आहे.

आपण लहानपणी रस्त्यावरच्या प्रत्येक पेटत्या पाटीला 'निऑन' म्हणत असू. प्रत्यक्षात निऑन हा एक वायू आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम अठरा भाग असतो. विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये तो वेगळा केला. विजेचा प्रवाह सोडल्यावर तो लालभडक उजळतो, हे त्यांना तेव्हाच दिसले होते; पण इतका दुर्मीळ वायू आणायचा कुठून, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर फ्रान्समध्ये मिळाले. जॉर्ज क्लोद हा तिथला अभियंता हवा थंड करून तिचे द्रवात रूपांतर करी आणि त्यातून ऑक्सिजन वेगळा काढून विकत असे. या धंद्यात निऑन आपसूक उरायचा. उरलेल्या मालाचे काय करायचे, या विचारातून त्याने काचेच्या नळीचा दिवा बनवला आणि डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे मांडला. १९१२ मध्ये पॅरिसच्याच एका केशकर्तनालयावर पहिली निऑनची पाटी लागली.

आपल्या नाशिककरांना १९१२ हे साल दुसऱ्या एका कारणाने जवळचे आहे. त्याच वर्षी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके दादरला 'राजा हरिश्चंद्र'च्या कामाला लागले होते. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो लोकांसमोर आला आणि लवकरच फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. सिनेमा आणि निऑन ही अशी जवळपास एका वयाची भावंडे. पुढे दोघांची गाठ पडली ती चित्रपटगृहाच्या दारात.

आता आपल्या 'व'कडे येऊ. असे अक्षर साच्यात ओतून होत नाही. आधी कागदावर खऱ्या मापाचे अक्षर काढतात. कारागीर सरळ काचनळी ज्योतीवर फिरवत तापवतो, मऊ झाली की त्या कागदावर धरून वाकवतो. वाकवताना नळी चेपू नये म्हणून तिच्या एका टोकाला रबरी नळी लावून तोंडाने फुंकर घालत राहायचे. हे सगळे काही सेकंदांत, काच गार व्हायच्या आत. मग दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडायचे, आतली हवा पंपाने काढून घ्यायची, मोठा प्रवाह सोडून नळी आतून तापवून मळ जाळायचा आणि शेवटी अगदी कमी दाबाने वायू भरून तोंड बंद करायचे. निऑन भरला तर लाल. आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब घातला तर निळा. हिरवा, पिवळा, पांढरा हवा असेल तर नळीला आतून पूड लावतात किंवा काचच रंगीत घेतात. पाटी पेटायला हजारो व्होल्ट लागतात, म्हणून मागे वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो.

आपला 'व' स्वच्छ काचेचा आहे. आत पूड नाही, पाऱ्याचा डाग नाही. म्हणजे तो लालच होता. आपली आठवण बरोबर निघाली.

काळ्या रंगाचे कोडेही इथेच सुटते. नळी एकच, तिला सुरुवात एक आणि शेवट एक. वाटेत हात उचलायची सोय नाही. इंग्रजी वळणदार अक्षरे एका ओघात वाकवता येतात. देवनागरीत मात्र वर शिरोरेषा, खाली उभा दंड, मध्ये गाठ. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यासाठी नळी मागे वळवून न्यावी लागते, आणि जो भाग वाचणाऱ्याला दिसायला नको, तो काळा रंगवतात. शिवाय प्रत्येक अक्षराची नळी वेगळी, त्यामुळे शब्दावरची सलग शिरोरेषा दोन अक्षरांमध्ये किंचित तुटतेच. आपल्या दुकानाच्या पाटीत ती तुटल्याचे मला कधी जाणवले नव्हते. ते का, हे पुढे सांगतो.

त्या काळच्या नाशकात अशा पाट्या मोजक्याच होत्या. बहुतेक दुकानांची नावे पेंटर हाताने रंगवत आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपली सही करत. सर्कल, विजयानंद, चित्रमंदिर, मधुकर, हेमलता या चित्रपटगृहांची नावे आपण पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचायला शिकलो, असे म्हटले तरी चालेल. पुढे प्लास्टिकच्या पेटीत ट्यूबलाइट लावलेले 'ग्लो साइन' आले, मग फ्लेक्स, आणि आता एलईडी. एलईडी स्वस्त, वीज कमी खाणारा, पावसात न फुटणारा. दुकानदाराने तो निवडला यात त्याची चूक काही नाही. आज कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये हिरव्या प्लास्टिक गवतावर गुलाबी अक्षरे चमकतात आणि आपली नातवंडे त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. त्याला 'निऑन'च म्हणतात, पण आत निऑन नसतो. लवचीक आवरणातली ती एलईडीची पट्टी असते. वस्तू गेली, नाव मागे राहिले.

जगात काही शहरांनी मात्र वस्तूही राखली. अमेरिकेत लास व्हेगासच्या हॉटेलांवरच्या प्रचंड पाट्या बनवणाऱ्या कंपनीकडे जुन्या पाट्या परत येत आणि तिच्या आवारात पडून राहत. १९९६ मध्ये त्यांच्यासाठी संग्रहालयाची संस्था स्थापन झाली. एका जुन्या मोटेलचा शिंपल्याच्या आकाराचा दर्शनी कक्ष उचलून आणून तिथे प्रवेशद्वार केले गेले, आणि २०१२ पासून लोक रांगा लावून तिथे जातात. पोलंडमध्ये साम्यवादी सरकारने दुकाने, उपाहारगृहे, सिनेमागृहे यांवर निऑन लावले होते. ती राजवट गेली, तशा पाट्या भंगारात निघाल्या. एका छायाचित्रकार बाईंनी २००५ च्या सुमारास त्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. फोटोंवरून पाट्या वाचवणे आले, आणि २०१२ मध्ये वॉर्सात निऑन संग्रहालय उघडले. हाँगकाँगमध्ये रस्त्यावर लोंबणाऱ्या पाट्या धोकादायक ठरून उतरू लागल्या, तेव्हा एम प्लस या संग्रहालयाने २०१४ मध्ये लोकांनाच आपापल्या भागातल्या पाट्यांचे फोटो आणि आठवणी पाठवायला सांगितले. एका उपाहारगृहावरची निऑनची गाय आता त्या संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

या ठिकाणी येणारे बहुतेक लोक फोटो काढायला येतात, अशी नाके मुरडणारेही आहेत. मला त्यात वावगे वाटत नाही. पाटी मुळात लोकांनी थांबून बघावे म्हणूनच लावली होती. फरक एवढाच की रस्त्यावरच्या पाटीखाली दुकान असे, दुकानात माणूस असे. संग्रहालयात पाटी येते, माणूस येत नाही. त्याची हकीकत कोणी लिहून ठेवली असेल तरच तो पाटीसोबत येतो.

आपल्याकडे निऑनचे संग्रहालय नाही, पण रात्री उजळणाऱ्या इमारती आणि त्या घडवणारी माणसे होती. मुंबईचे 'इरॉस' १९३८ चे. ओव्हल मैदानाभोवतीच्या इतर इमारतींसह २०१८ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीतल्या परिसरात आले. 'लिबर्टी' १९४९ मध्ये 'अंदाज' या चित्रपटाने उघडले. त्याची अंतर्गत सजावट वामन नामजोशी या मराठी माणसाची. 'मराठा मंदिर' त्यांचेच, आणि १९७६ मध्ये उघडलेले जयपूरचे 'राजमंदिर'ही. राजमंदिरच्या दर्शनी भागावर रात्री नाव आणि नऊ तारे उजळतात, आणि सिनेमा न बघणारा प्रवासीही समोर उभा राहून फोटो काढून जातो. त्या फोटोत नामजोशींचे नाव कुठेच नसते.

आणि रोजच्या वापरातल्या वस्तू संग्रहालयात कशाला, असे कोणी म्हणत असेल, तर त्याने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवावे. अडकित्ते, दौती, दरवाजे आणि असंख्य दिवे काकासाहेब केळकरांनी घराघरांतून, बाजाराबाजारांतून गोळा केले आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह शासनाला देऊन टाकला. समई जर तिथे शोभते, तर मेनरोडवरचा दिवा का शोभू नये?

हे सगळे वाचून झाल्यावरही आपल्या 'व'च्या चार ओळी पुऱ्या होत नव्हत्या. पाटी कोणी बनवली? मित्राचे वडील आता नाहीत. काकूंना एवढेच आठवते की काचेचे काम मुंबईहून करून आले होते. पाटीभोवती किनार होती का, यावर आम्हा तिघांची तीन मते पडली. एकाच्या घरी गणपती मिरवणुकीचा फोटो निघाला, त्यात मागे पाटी स्पष्ट दिसते, किनारही दिसते. पण फोटो कृष्णधवल. तिचा रंग सांगणार कोण?

शेवटी मी आपल्या चित्रकलेच्या सरांना फोन केला. अक्षरांच्या बाबतीत त्यांना विचारावे, एवढाच हेतू होता. सर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. 'व'चे वर्णन ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याची गाठ मोठी आहे ना? मी लहान काढली होती. काच वाकवणाऱ्याने कागद परत पाठवला, एवढी लहान गाठ वळत नाही म्हणून. मग मोठी करून दिली."

ती अक्षरे सरांची होती. १९७४ साल, शिक्षकाचा पगार, घरात आजारी आई. शाळा सुटल्यावर रात्री ते दुकानांसाठी अक्षरे काढून देत. शाळेत हे कोणाला सांगितले नव्हते, कारण असे बाहेरचे काम तेव्हा बरे दिसत नसे. शिरोरेषा तुटू नये म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षराची रेघ पुढच्या अक्षराच्या मागे अर्धा इंच सरकवून काढली होती. समोरून ती सलग दिसे. मी तो 'व' पुन्हा बघितला. शिरोरेषेचे उजवे टोक खरोखरच मागे वाकलेले आहे. आम्ही ते मोडलेले समजत होतो.

"किनार हिरवी होती," सर म्हणाले. "मी पिवळी सांगितली होती. शेठजींनी ऐकले नाही."

वर्गात हेच सर आपल्याला शिरोरेषा पुन्हा पुन्हा काढायला लावत आणि आपण कंटाळत असू. त्यांचे सर्वांत मोठे अक्षर आपण रोज येता-जाता वाचत होतो, आणि पन्नास वर्षांत ते कोणाचे आहे असे एकानेही विचारले नाही. काच वाकवणाऱ्याचे नाव सरांनाही आठवत नाही. तो कागदावर खुणा करून पाठवी, भेट कधी झाली नाही. त्या माणसाच्या बाबतीत आपण उशीर केला. सरांच्या बाबतीत अगदी थोडक्यात वाचलो.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात असा कायदा राज्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो लहान दुकानांनाही लागू झाला आणि बाजारातल्या पाट्या भराभर बदलल्या. मराठी अक्षर मोठे झाले, याचा आनंदच आहे. पण नवीन पाटी चढवताना जुनी उतरते, आणि तिच्यासोबत अक्षर काढणारा, रंगवणारा, काच वाकवणाराही विस्मरणात जातो. मेळाव्याला येताना घरातले जुने फोटो घेऊन या. लग्नाची वरात, मिरवणूक, रस्त्यावरचा कुठलाही फोटो, ज्याच्या मागे नाशिकची एखादी पाटी दिसते असा. पाठीमागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: पाटी कुठे होती, रंग कोणते होते, कोणी केली होती. तिसरी माहीत नसेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच विचारा.

आपला 'व' पेटणार नाही. ट्रान्सफॉर्मर कधीच भंगारात गेला. तीन पाटीवाल्यांना विचारले, तिघांनीही हुबेहूब एलईडीचा 'व' करून देतो म्हणून सांगितले. आम्ही नको म्हटले. सभागृहाच्या दाराशी तो काळ्या कापडावर ठेवलेला असेल. शेजारी उभे राहून फोटो जरूर काढा. खालच्या चिठ्ठीवर अक्षरकार म्हणून सरांचे नाव असेल. त्यांनी परवानगी दिली आहे, आणि ते स्वतः येणार आहेत. कारागिराच्या नावाची ओळ आम्ही कोरी ठेवली आहे.