लष्करी सेवेनंतर विद्यापीठ बदलताना

राष्ट्ररक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, असे दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेचा ३९वा अनुच्छेद सांगतो. सक्तीची लष्करी सेवा मात्र पुरुषांनाच करावी लागते. भूदलात ही सेवा १८ महिन्यांची, नौदलात २० आणि हवाई दलात २१ महिन्यांची असते. भूदलाची मुदत पूर्वी २१ महिने होती. २०१८पासून ती टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. बहुतेक विद्यार्थी पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर विद्यापीठाकडून रजा घेऊन सैन्यात दाखल होतात. सेवा संपली की जुन्याच वर्गात परतायचे की अधिक नामांकित विद्यापीठाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न त्यांतील अनेकांपुढे उभा राहतो.

दुसऱ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला मिळणाऱ्या प्रवेशाला कोरियन भाषेत 'प्यॉनिप' म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. सर्वसाधारण प्रकारात चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे, म्हणजे चार सत्रे, पूर्ण करून विद्यापीठाने ठरविलेले श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. कनिष्ठ महाविद्यालयातून पदविका घेतलेल्यांनाही अर्ज करता येतो. दुसरा प्रकार पदवीधरांसाठी आहे. १९९८मध्ये सुरू झालेल्या 'श्रेयांक पेढी' योजनेतून पात्रता मिळविणारेही पुष्कळ आहेत.

यामुळे सैन्यात जाण्याची वेळ महत्त्वाची ठरते. दुसरे वर्ष संपवून गेलेला विद्यार्थी सेवेनंतर लगेच अर्ज करू शकतो. पहिल्या वर्षानंतर गेलेल्याला आधी जुन्या विद्यापीठात परतून आणखी दोन सत्रे पूर्ण करावी लागतात. सेवाकाळात दूरस्थ पद्धतीने काही श्रेयांक मिळविण्याची मुभा कायद्याने दिली आहे. मात्र त्यांची संख्या मर्यादित असते.

या प्रवेशासाठी देशपातळीवर सामाईक परीक्षा नाही. प्रत्येक विद्यापीठ आपले नियम स्वतः ठरविते. सोलमधील अनेक विद्यापीठांत इंग्रजीची लेखी परीक्षा असते. विज्ञान व अभियांत्रिकी शाखांसाठी बहुधा गणिताचीही भर पडते. काही ठिकाणी पूर्वीचे गुण, कागदपत्रे आणि मुलाखत यांना महत्त्व दिले जाते. जागा मुख्यतः नाव काढून घेतलेल्या किंवा नाव कमी झालेल्या विद्यार्थ्यांमुळे रिकाम्या होतात. त्यामुळे लोकप्रिय शाखांत चुरस तीव्र असते. बराकीतील सैनिकांना ड्यूटी संपल्यावर मोबाइल वापरण्याची परवानगी २०१९मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणि २०२०मध्ये कायमस्वरूपी मिळाली. तेव्हापासून सेवेत असतानाच तयारी करणे तुलनेने सोपे झाले आहे.

अर्ज साधारणतः डिसेंबरमध्ये भरले जातात, निकाल फेब्रुवारीपर्यंत लागतात आणि शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते. खरी कसोटी याच काळात असते. सेवा संपल्यानंतर ठरलेल्या मुदतीत जुन्या विद्यापीठात परतण्याचा अर्ज न केल्यास पटावरून नाव कमी होऊ शकते. उलट, नव्या विद्यापीठात प्रवेश घेऊनही जुने नाव कायम ठेवल्यास दुहेरी नोंदणीच्या कारणावरून नवा प्रवेश रद्द होतो. म्हणून निकाल लागेपर्यंत जुनी जागा राखणे आणि प्रवेश निश्चित होताच तेथून रीतसर नाव काढून घेणे, हा क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. सेवेत असलेल्या उमेदवाराने आपली सेवा सत्रारंभापूर्वी संपते की नाही आणि त्याचा कोणता दाखला लागतो, हे त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आधीच पाहणे आवश्यक असते.

प्रवेश मिळाल्यावरही हिशेब संपत नाही. जुने सर्व श्रेयांक नव्या शाखेत ग्राह्य धरले जातीलच असे नाही. विषय बदलल्यास पायाभूत विषय पुन्हा शिकावे लागतात आणि पदवी लांबते. शिवाय सेवामुक्त सैनिक आठ वर्षे राखीव दलात राहतो. नियमित विद्यार्थ्यांना वार्षिक प्रशिक्षणात मोठी सवलत असून त्यांच्यासाठी ते साधारणतः एका दिवसाचे असते. ही सवलत चालू राहावी यासाठी नव्या विद्यापीठातील राखीव दलाच्या कार्यालयात वेळेवर नोंद करावी लागते.

सैन्यातील दीड-दोन वर्षांमुळे हे युवक आपल्या वर्गातील मुलींच्या आधीच मागे पडलेले असतात. त्यात विद्यापीठ बदलण्यासाठी आणखी एक वर्ष खर्च करायचे की नाही, हा निर्णय केवळ विद्यापीठाच्या नावावर न घेता ग्राह्य धरले जाणारे श्रेयांक आणि उरलेली सत्रे मोजून घेणेच हिताचे ठरते.