उतरण्याचं पान

झाशीत भावाच्या घरी माझा भाचा रात्री उशिरापर्यंत संगणकावर विमान चालवतो. या गावातून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. धावपट्टी आहे ती लष्कराची. या मुलानं मात्र मुंबईत कितीदा तरी विमान उतरवलं आहे, आणि दर वेळी त्याच्या मांडीवर एक छापील पान असतं. "आत्या, तुला इतक्या भाषा येतात ना, मग हे वाच." मी वाचायला बसले.

वरच्या भागात विमानाची वाट आभाळातून पाहिल्यासारखी काढलेली. खाली तीच वाट बाजूनं, जिन्यासारखी: धावपट्टीपासून इतक्या अंतरापर्यंत या उंचीच्या खाली यायचं नाही, मग पुढची पायरी. तळाशी शेवटची उंची. तिथवर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर वर जायचं. कोणत्या दिशेला, किती, हेही आधीच लिहिलेलं. याला म्हणतात 'मिस्ड अप्रोच'. मी 'हुकलेलं उतरणं' लिहिलं आणि खोडलं. हुकण्यात चूक येते. इथे तर वर जाणं हेच बरोबर केलेलं काम. 'माघार'ही नको, तिला पराभवाचा वास आहे.

अशी पानं रूढ झाली ती अमेरिकेत टपाल वाहणाऱ्या वैमानिकांमुळे. रेल्वेचे रूळ आणि रस्त्यांचे नकाशे पाहत ते उडत. त्यांतल्या एलरी जेपसन यांनी 10 सेंटची वही घेतली आणि तीत टेकड्यांची उंची, उतरता येईल अशा शेतांची लांबी, हवामान सांगू शकतील अशा शेतकऱ्यांचे फोन नंबर टिपले. सोबती नक्कल मागू लागले, तेव्हा 1934 साली ती 10 डॉलरला विकायला काढली. झाशीत वाढलेल्या मला लगेच विष्णुभट गोडसे आठवले. 1858चा वेढा त्यांनी याच गावात राहून पाहिला. 'माझा प्रवास' छापून आलं 1907मध्ये. पण त्यांचा वाचक वाटेतलं एखादं गाव गाळून पुढे गेला तर काही बिघडत नाही.

7 जुलै 1962. मध्यरात्र उलटलेली. सिडनीहून निघालेलं अलिटालियाचं डीसी-8 बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. आपण मुंबईच्या आहोत त्याहून जवळ पोचलो, अशा समजुतीनं वैमानिक लवकर खाली येऊ लागले. खाली सह्याद्री होता. जुन्नरच्या डोंगरात, सुमारे 3600 फुटांवर विमान आदळलं. 94 माणसं होती, एकही वाचलं नाही. अंतर चुकलं, दिशा फारशी नाही. मला हे फार लागतं, कारण आमच्या कामातही ओळ बरोबर आणि जागा चुकीची असं होतं. फक्त आमच्याकडे दुसऱ्या आवृत्तीची सोय असते.

भाच्याला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं पडद्यावर रात्र लावली, पाऊस लावला, आणि पूर्वेकडून, घाटावरून येणारी वाट निवडली. एकेक पायरी आली तसा आकडा मोठ्यानं वाचत होता. शेवटच्या उंचीला समोर नुसतं करडं. त्यानं इंजिनाला जोर दिला आणि विमान वर घेतलं.

"याला काय म्हणतोस तू?" मी विचारलं.

"फिर से," तो म्हणाला आणि पान पुन्हा वरून वाचू लागला.