मेलेल्या बाईला पाठवलेली पत्रं

आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. जाहिरात म्हणजे असंच बोलणं. पण ते बोलणं खोटं असेल तर? अमेरिकेतल्या एका बायकांच्या मासिकानं १९०५ साली अशा खोट्याची कशी फजिती केली, ते आज ऐकू या.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन गावात लिडिया पिंकहॅम नावाच्या बाई होत्या. घरी जडीबुटीचा काढा करून त्या शेजारणींना द्यायच्या. घर पैशानं अडलं, तेव्हा १८७५ साली घरच्यांनी तो विकायला काढला. पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं, अशक्तपणा, सगळ्यांवर एकच बाटली. बाटलीवर लिडियाबाईंचा मायाळू चेहरा. आणि आत? शंभर भागांत अठराच्या आसपास भाग मद्यार्क, म्हणजे दारूच. घोट घेतला की बरं वाटणारच!

जाहिरातीत लिहिलेलं असे, "तुमचं दुखणं पिंकहॅमबाईंना कळवा, पत्र कुणी पुरुष वाचणार नाही." बायका विश्वासानं लिहायच्या. लिडियाबाई १८८३ साली वारल्या, पण जाहिराती चालूच राहिल्या.

'लेडीज होम जर्नल' या मासिकाचे संपादक एडवर्ड बॉक. असल्या औषधांच्या जाहिराती त्यांनी १८९२ सालीच बंद केल्या होत्या. १९०५ साली त्यांनी पिंकहॅमबाईंची जाहिरात छापली आणि सोबत त्यांच्या थडग्याचा फोटो. दगडावर मृत्यूचं साल स्पष्ट दिसत होतं. लांबलचक भाषणाची गरजच उरली नाही. बाई बावीस वर्षं मातीखाली, आणि तरी पत्रांना सल्ला देतायत! कंपनी म्हणू लागली, पिंकहॅमबाई म्हणजे त्यांची सूनबाई.

आता बघा, हे हसू कुणावर होतं? बाटली घेणाऱ्या बायकांना 'खुळ्या' म्हणून हसणं सोपं होतं. पण त्या काळी डॉक्टर बहुतेक पुरुष. त्यांच्यापुढे असलं दुखणं बोलायची लाज, ऑपरेशनची भीती. अशा वेळी कुणी म्हणालं, "मला लिही, मी बाईच आहे," तर कोण लिहिणार नाही? फसलेलीला हसलं की ती गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्यावर विकणाऱ्याचा धंदा चालतो. थडग्याच्या फोटोनं खोट्याला हसून दाखवलं.

नुसत्या हसण्यानं मात्र भागलं नाही. अमेरिकेतल्या महिला मंडळांनी कायद्यासाठी जोर लावला. १९०६ साली कायदा झाला आणि औषधात दारू किंवा अफू किती, ते बाटलीवर लिहिणं भाग पडलं. तरीही तो काढा पुढे कित्येक वर्षं खपला. लाज आणि गरज कायद्यानं एका दिवसात जात नाही.

आपल्या देशातही १९५४ पासून कायदा आहे. पाळीच्या तक्रारी, मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात लोकांपुढे करायला त्यानं बंदी आहे. तरी मोबाइलवर रोज काहीतरी येतंच.

तेव्हा गटाच्या बैठकीत अशी एखादी जाहिरात मोठ्यानं वाचा. सांगणारी बाई कोण, बाटलीत काय आहे, गुण आला हे कुणी तपासलं, एवढं विचारा. खोटं सापडलं की पोटभर हसा. पण जिनं ती बाटली घेतली, तिला हसू नका. तिला आधी विचारा, "बाई गं, तुला दुखतंय काय?" आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.