पाच किलोमीटरची रेषा : गोव्यातील रांपणकारांचा लढा

१/ राळेगणसिद्धीला समुद्र नाही. पारनेर तालुक्यातील या दुष्काळी गावात १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन परतले. पुढे गावाने पाणी अडवले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली. नियम करणारे, पाळणारे आणि मोडणाऱ्याला ओळखणारे एकाच गावचे होते. त्याच दशकात गोव्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमारही एका सामायिक पाण्यासाठी उभे राहिले. मात्र त्या पाण्याला गावाची शीव नव्हती. त्या लढ्याचा हा #थ्रेड.

२/ रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. सिंधुदुर्गात तिला रापण म्हणतात. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके वाळूत उभे राहून अनेकांनी मिळून ओढायची. मासळीची वाटणी हिश्श्यांनी होई. रांपण सर्वस्वी निर्दोष होती असे नव्हे. लहान मासळीही तिच्यात सापडे. पण तिला मर्यादा होती. जो थवा किनाऱ्याकडे येईल, तेवढाच तिचा.

३/ १९६१ मध्ये गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. देशाला तेव्हा परकीय चलन हवे होते, आणि जपान व अमेरिकेच्या बाजारात कोळंबीला उत्तम भाव होता. मासेमारीच्या यांत्रिकीकरणासाठी सरकारी कर्जे आणि अनुदाने मिळू लागली. ट्रॉलर घेणाऱ्यांत या व्यवसायाशी पिढीजात नाते नसलेले भांडवलदारही होते.

४/ यंत्राच्या बळावर ट्रॉलर दूरच्या पाण्यात जाऊ शकत होते. परंतु कोळंबी सापडते ती मुख्यतः किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, त्यामुळे ट्रॉलरही तेथेच फिरू लागले. त्यांचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. पुढे पर्ससीन जाळी आली. बांगडा आणि तारलीचे थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच घेरले जाऊ लागले. वाळूवर वाट पाहणाऱ्या रांपणकाराच्या वाट्याला रिकामे जाळे येऊ लागले.

५/ १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘गोंयच्या रांपणकारांचो एकवट’ ही संघटना उभी राहिली. तिचे नेते माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. मोर्चे, धरणे आणि उपोषणे झाली. मागणी नेमकी होती : किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, यांत्रिक नौकांनी त्याच्या बाहेर मासेमारी करावी. हा विरोध यंत्राला नव्हता. यंत्र कोठे चालावे, हा वादाचा मुद्दा होता.

६/ केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरही असेच संघर्ष पेटले होते. निरनिराळ्या नौकांची क्षेत्रे ठरविण्यासाठी केंद्र सरकारने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली. १९७८ मध्ये विविध राज्यांतील मच्छीमार संघटना एका राष्ट्रीय मंचावर आल्या. साल्ढाणा त्याचे पहिले अध्यक्ष. हाच मंच पुढे ‘नॅशनल फिशवर्कर्स फोरम’ या नावाने ओळखला गेला.

७/ राज्यघटनेनुसार प्रादेशिक समुद्रातील मत्स्यव्यवसाय हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय, म्हणून कायदेही राज्यनिहाय झाले. केरळ आणि ‘गोवा, दमण व दीव’ यांचे सागरी मासेमारी नियमन कायदे १९८० चे, महाराष्ट्राचा १९८१ चा. गोव्यात किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक नौकांना वर्ज्य ठरला. वाळूवरच्या माणसांची मागणी कायद्याच्या पुस्तकात आली.

८/ परंतु ती रेषा पाण्यावरची होती. राळेगणात चराईबंदी मोडणारा गावाच्या नजरेत येई. येथे मात्र रात्री पट्ट्यात शिरलेला ट्रॉलर पकडायला गस्तीनौका, कर्मचारी आणि इच्छाशक्ती लागे. नियम लोकांच्या रेट्याने झाला, पण त्याची राखण सरकारी यंत्रणेच्या हाती राहिली. घुसखोरीच्या तक्रारी संपल्या नाहीत. दरम्यान रांपणी घटत गेल्या आणि अनेक रांपणकारांनी आपल्याच होड्यांना इंजिने बसवली.

९/ पुढे प्रश्नाचे रूप पालटले : मासे पकडण्याबरोबरच ते किनाऱ्यावर ‘पिकवण्याचा’ उद्योग वाढला. तमिळनाडूतील सर्वोदय कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारी नियमन क्षेत्रातील औद्योगिक कोळंबीशेती हटविण्याचा आदेश दिला. पारंपरिक पद्धतींना सूट होती. मात्र २००५ च्या केंद्रीय कायद्याने या उद्योगाला नियमनाखाली पुन्हा वाट मोकळी करून दिली. २०२१ मध्ये अर्जेंटिनाच्या तिएरा देल फ्युएगो प्रांतात, स्थानिकांच्या विरोधानंतर, समुद्रातील पिंजऱ्यांमधील सॅमनपालनावर बंदी आली. तेथेही हाच प्रश्न होता : किनाऱ्याचे पाणी कोणाच्या उपयोगाचे?

१०/ महाराष्ट्रात सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर कठोर निर्बंध आले. २०२१ मध्ये दंड वाढविण्यात आले. तरीही मालवणच्या किनाऱ्यावर पारंपरिक आणि पर्ससीन मच्छीमारांचा वाद धुमसतच आहे. म्हणून रांपणकारांच्या लढ्याला ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ असे नाव देणे अपुरे ठरते. त्यांनी रेषा मागितली आणि मिळवली. ती राखण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या लोकांना मिळाला नाही, आणि तो प्रश्न १९८० पासून तसाच उभा आहे.

#इतिहास #गोवा #कोकण