गळका सायलेन्सर आणि अस्सलपणाचा हिशेब

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 साली ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. 1980 मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ आजही रस्त्यावर धावतात आणि त्यांचे मालक मूळ रंग, मूळ कार्ब्युरेटर, मूळ बटणे जिवापाड जपतात. अशा गाडीचा सायलेन्सर गळू लागला की प्रश्न उभा राहतो: साध्या पोलादाचा, कारखान्यात बसवत तसाच पाइप बसवायचा की स्टेनलेस स्टीलचा? साधे पोलाद हेच अस्सल, असे उत्तर बहुधा मिळते. या गाड्यांचा आणि सुट्या भागांच्या धंद्याचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. धूर वाहून नेणारा पाइप पहिल्या दिवसापासून झिजायला आणि बदलायलाच बनवलेला होता. म्हणून जपायची ती त्याची रचना आणि त्याचे सांधे. पत्रा कोणत्या धातूचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

या पाइपाचा मुख्य शत्रू आतून येतो. एक लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपाने साधारण एक लिटर पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात पाइप तापतो आणि वाफ बाहेर निघून जाते. बाजारापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीत ती मागच्या सायलेन्सरमध्येच थंड होऊन साचते. त्या काळच्या पेट्रोलमुळे हे पाणी आणखी घातक होई. इंजिनातला ठोका टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते शिसे इंजिनात साचू नये म्हणून सोबत क्लोरीन आणि ब्रोमीनची संयुगे घालावी लागत. ती जळून आम्ले तयार होत आणि पाण्यात मिसळून पत्रा आतून खात. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री 1999च्या अखेरीस संपली. भारतात 2000 सालच्या फेब्रुवारीपासून सर्वत्र शिसेमुक्त पेट्रोल आले. त्याआधीच्या गाड्यांना गळती लागली, त्यात मालकाच्या हयगयीपेक्षा इंधनाच्या रसायनाचा वाटा मोठा होता.

न गंजणारे पोलाद तेव्हा माहीत नव्हते असेही नाही. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळलेले पोलाद 1913 मध्येच बनवले होते. पण ते महाग होते, आणि काही वर्षांत गंजणारा स्वस्त सायलेन्सर कारखान्याला परवडत होता, कारण बदलण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी पडे. या झिजेवर स्वतंत्र धंदे उभे राहिले. अमेरिकेत 1956 मध्ये मायडस मफलर सुरू झाली आणि सायलेन्सरची आयुष्यभराची हमी हेच तिचे भांडवल ठरले. 1971 मध्ये टॉम फार्मर यांनी एडिनबरोत क्विक-फिट काढली. तिथे गाडी उभी करायची आणि नवा सायलेन्सर बसवून घेऊन जायची. अशी दुकाने चालली, कारण गळका सायलेन्सर ही घरोघरची बाब होती. चित्र पालटले ते 1975च्या सुमारास. अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. ते दीर्घकाळ टिकायचे तर सोबतचा पाइपही टिकायला हवा होता, म्हणून स्टेनलेस स्टील हळूहळू नेहमीच्या गाड्यांत शिरले. आधीचा साधा पत्रा हा हिशेबाचा निर्णय होता. गाडीच्या स्वभावाशी त्याचा संबंध नव्हता.

गळती थांबवायची तर खरे काम सांध्यांवर असते. एमजीबीच्या इंजिनात हवा आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात. त्यांना आवळणारे जाड वॉशर एकाच वेळी दोन्ही फ्लँजवर टेकतात. एका फ्लँजची जाडी दुसरीपेक्षा थोडी कमी असली तरी वॉशर तिरका बसतो आणि पातळ बाजूने धूर निसटतो. नुसते गॅस्केट बदलून हा दोष जात नाही. दोन्ही फ्लँज सारख्या जाडीच्या आणि सपाट करून घ्याव्या लागतात. खाली बिडाचा मॅनिफोल्ड आणि पाइप यांचा सांधा येतो. तिथे पितळी नट वापरतात, कारण उष्णतेने ते स्टडला पकडून बसत नाहीत. मागचे रबरी टेकू झिजले की सगळे वजन याच सांध्यावर येते, म्हणून पॅकिंगबरोबर टेकूही तपासावे लागतात. भोकावर लेप थापणे किंवा गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ जोडणे हे घरापर्यंत पोहोचण्यापुरते ठीक, कारण वेल्डिंगखालचा पत्राच आतून खाल्लेला असतो. ही चिंता केवळ आवाजाची नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो. टप लावलेल्या गाडीच्या आतल्या जागेत तो जीवघेणा ठरू शकतो.

स्टेनलेसवर घेतल्या जाणाऱ्या आवाजाच्या आक्षेपात तथ्य आहे. स्टेनलेसचे कित्येक तयार संच मूळपेक्षा रुंद आणि आतून सरळ असतात, त्यामुळे गाडीचा सूर बदलतो. पण सूर ठरतो तो मुख्यतः पाइपाचा व्यास, सायलेन्सरचे आकारमान आणि आतले पडदे यांवर. ही मापे मूळची ठेवली तर पत्र्याच्या जाडीने पडणारा फरक थोडाच उरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एक भाग बदलला की सगळे बदलण्याची वाट मोकळी होते. म्हणूनच सीमा आखायला हवी. भारतात 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज नोंदणी देताना ती मूळ स्वरूपात असण्याची आणि तिच्यात मोठे फेरबदल न झाल्याची अट घातली. गाडीची ओळख कशात, हे त्यातूनही दिसते. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज एमजीबीचा सांगाडा नव्याने बनवते आणि तो बसवलेल्या गाडीला कोणी परकी म्हणत नाही, कारण तो मूळ साच्यांवर घडतो. तोच न्याय सायलेन्सरला लावावा. मूळ मॅनिफोल्ड शाबूत असेल तर तो ठेवावा, पाइपाचा मार्ग आणि मापे ठेवावीत, आणि पुन्हा पुन्हा झिजणारा पत्रा मात्र टिकाऊ धातूचा घ्यावा. साध्या पोलादाचा हट्ट धरणारा मालक जुन्या कारखान्याची काटकसर जपत असतो. मापे जपणाऱ्याच्या हातात ती गाडी घडवणाऱ्यांची अक्कल सुरक्षित राहते, आणि तो ती गाडी धास्तीशिवाय चालवूही शकतो.