रोड बाइकचं हँडल आणि स्टेम बदलताय? आधी हे माप घ्या!

मी छावणीत राहतो आणि इथून नगर नाका, पडेगाव, मिटमिटा करत दौलताबाद-वेरूळला सायकलवर जाणारे बरेच जण मला ओळखतात. त्यांची तक्रार जवळपास एकच असते: तासाभरात हाताला मुंग्या येतात आणि मान भरून येते. मग नवीन हँडल घ्यायचा विचार सुरू होतो. माझं म्हणणं असं, की आधी स्टेम बघा. ते स्वस्त पडतं आणि बहुतेक वेळा खरा फरक त्यानेच पडतो.

स्टेम म्हणजे काय?

चाकाच्या फोर्कची नळी वर येते. ती नळी आणि हँडल यांना जोडणारा छोटा तुकडा म्हणजे स्टेम. रोड बाइकला ते साधारण 70 ते 130 मिमी लांब असतं. लांब स्टेममुळे तुम्ही जास्त पुढे वाकता. आखूड स्टेममुळे बसणं सोपं होतं, पण हँडल थोडं चपळ वळतं.

मानेचा त्रास हलका समजू नका. 1983 च्या 'रेस अक्रॉस अमेरिका'मध्ये मायकेल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले, की डोकं वर धरणंच अवघड झालं. त्या त्रासाला आज 'शर्मर्स नेक' म्हणतात. 2017 मध्ये हीच शर्यत एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ. आपण तेवढं अंतर कापत नाही, पण खूप खाली वाकून मान वर धरली की ताण त्याच जागी येतो.

फुकटातला अपग्रेड

बऱ्याच स्टेमला 6 अंशांचा कोन असतो. स्टेम खालच्या बाजूला झुकलेलं असेल तर ते उलटं करून बसवा. 100 मिमी स्टेममध्ये हँडल साधारण 20 मिमी वर येतं. आधी आणि नंतर मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा, पाठीचा कोन लगेच दिसतो.

खरेदीआधी तीन मापं

1. हँडलचा मधला व्यास: आज बहुतेक ठिकाणी 31.8 मिमी, जुन्या सायकलींना 26 किंवा 25.4 मिमी. हँडल आणि स्टेम दोन्हीचं माप सारखंच हवं.
2. फोर्कच्या नळीचा व्यास: बऱ्याच आधुनिक सायकलींना 28.6 मिमी.
3. हँडलची रुंदी: दोन खांद्यांच्या हाडांमधलं अंतर मोजा. 38, 40, 42, 44 सेंमी असे साइज मिळतात. कंपनी मधून मधे मोजते की बाहेरून बाहेर, हे तपासा.

हँडल बदलायचं तर टेप, ब्रेक लिव्हर, कधीकधी केबलही काढावी लागते. केबल हँडलच्या आतून जात असेल तर काम मेकॅनिकलाच द्या.

बसवताना क्रम चुकवू नका

- खोलण्याआधी फोटो काढा. वरचा बोल्ट काढून बाजूचे बोल्ट ढिले करताना फोर्क धरून ठेवा.
- नवीन स्टेम आणि रिंगा बसवल्यावर नळीचं टोक त्यांच्यापेक्षा साधारण 3 मिमी खाली हवं.
- आधी वरचा बोल्ट हलकाच आवळा. त्याचं काम फक्त बेअरिंगमधली खडखड घालवणं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, 'खट' लागता कामा नये.
- स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आलटून-पालटून आवळा.
- हँडलसमोरच्या प्लेटचे बोल्ट तिरपे-तिरपे आवळा. वर-खाली फट सारखी हवी, पण ती मुद्दाम बंद ठेवायला सांगितली असेल तर कंपनीचंच ऐका.

किती आवळायचं, हे स्टेमवरच लिहिलेलं असतं. अनेकदा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यासाठी टॉर्क रेंच वापरा. कमी आवळलं तर हँडल फिरतं, जास्त आवळलं तर कार्बन चिरतो. कार्बनला ग्रीस लावू नका, त्याची वेगळी पेस्ट मिळते. जोरात पडलेलं कार्बन हँडल वरून ठीक दिसलं तरी बदललेलं बरं.

झालं? मग थेट दौलताबादच्या घाटात जाऊ नका. घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबून, हँडलवर भार देऊन बघा. काही किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा, मगच उतार घ्या. घाटात वेग आल्यावर तुमचा जीव या चार-सहा बोल्टांवरच असतो.